राजूर घाटातली झोप

"चालक, आपल्याला झोप येत आहे. डोळे उघडा."

आवाज बाईचा होता. गोड, शांत, जराही घाई नसलेला. राजूर घाटाच्या वळणावर डोंगराच्या कडेला तोंड खुपसून पडलेल्या बसमधून तो येत होता, आणि चालकाच्या जागेवर कोणीच नव्हतं.

एपीआय सारिका अवसरमोल वाकलेल्या दारातून आत चढली. पायाखाली काचांचा खच. एक चप्पल. सांडलेली मेथी. स्टिअरिंगच्या वर एक काळा डबा बसवला होता आणि त्यातले दोन तांबडे ठिपके रिकाम्या सीटकडे टक लावून बघत होते.

"डोळे उघडा."

"बंद करा हो ते कोणीतरी," सारिका म्हणाली.

"बटनच नाही त्याले," हवालदार रामराव म्हणाले. "मघापासून पाहून राह्यलो."

राखीपुनवेचा दिवस. मलकापूरहून बुलढाण्याला निघालेली खाजगी बस माहेरवाशिणींनी खच्चून भरली होती. हाडं बऱ्याच जणींची मोडली. जीव एकीचा गेला, मोताळ्याला बसमध्ये चढलेल्या सोजराबाईचा. भाजी विकणारी बाई, भावाकडे निघालेली. चालक दयाराम याला बेशुद्धीत दवाखान्यात नेलं होतं.

सारिका रस्त्यावर उतरली आणि टायरच्या खुणा बघत उभी राहिली. काळे, लांब, ठसठशीत पट्टे. ब्रेक करकचून दाबला होता आणि गाडी दरीकडून ओढून डोंगराच्या अंगाला घातली होती. झोपलेला माणूस एवढं करतो का?

तेवढ्यात मलकापूरहून एक जीप आली. तिच्यातून उतरलेला तरुण धापा टाकत होता. शेखर, बसमालक भगवंतरावांच्या सगळ्या गाड्यांवरची ही यंत्रं सांभाळणारा.

"मला ठाऊकच होतं, मॅडम," तो म्हणाला. "मशीनने सांगितलं होतं. हे चालकाच्या डोळ्यांवर नजर ठेवतं. पापण्या किती मिटतात, किती वेळ मिटतात, त्यावरून झोप यायच्या आधीच ओळखतं. मी फोनवर फोन केले. त्याने उचलले नाहीत."

तो मशीनमधलं कार्ड काढायला बसमध्ये चढला. रामराव सोबत होतेच. कार्ड काढून झालं, ते त्यांच्या हाती दिलं, आणि मग शेखरने डॅशबोर्डवरच्या बुद्धमूर्तीला वाकून नमस्कार केला. उजवा हात मूर्तीच्या मागे गेला आणि रिकामा परत आला.

भक्ती करायला जागा बरी शोधली, असं सारिकाच्या मनात आलं. तो उतरल्यावर ती मूर्तीपाशी गेली. मागे बाटलीच्या बुडाएवढा गोल डाग होता. त्याला गुलाबाचा वास येत होता.

*

दयाराम दुसऱ्या दिवशी बोलायला लागला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, डोक्याला पट्टी, मनगटावर लाल राखी. अंगावरचे पांढरे कपडे रक्ताने माखल्यामुळे काढले होते. ते उशाशी धरून त्याची बायको जनकाबाई बसली होती.

"झोप लागली होती?" सारिकाने विचारलं.

"नाही मॅडम."

"मग काय झालं?"

"उजेड आला. एकदम लय उजेड. डोळे उघडे ठेवताच येईनात मले."

"काल दिवसभर आभाळ होतं, दयारामभाऊ."

त्याने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग हळूच म्हणाला, "मालक येऊन गेले. मशीननं कचेरीत धाडलेलं चित्र मोबाइलवर दाखवलं मले. डोळे मिटलेलेच हायेत माहे. मशीन खोटं काऊन बोलन? झोपलोच असन मी. कागद आणा, सही करून देतो."

"असं नका बोलू हो!" जनकाबाई कळवळली. "मॅडम, शुद्धीवर आल्यापासून ह्या माणसानं डोळ्याले डोळा लावला नाही. झोप येऊन राह्यली का उठून बसते. म्हणे, मी झोपलो का माणूस मरते."

ज्याने सोजराबाईला मारलं नाही असं तिचं मन सांगत होतं, तो माणूस स्वतःला खुनी ठरवायला निघाला होता. एकदा ती सही झाली की उरलेलं आयुष्य तो तुरुंगातच काढणार, बाहेर ठेवला तरी.

"मूर्तीमागे काय ठेवत होता?"

"गुलाबपाणी. मलकापुरातून निघायच्या आधी रोज दोन थेंब डोळ्यात टाकतो. डोळे थंड राहतात. सगळ्याईले माहीत हाये."

"काल टाकलं?"

त्याची नजर राखीवर गेली. "नाही. काल पुनव. मी अष्टशील पाळतो, बुद्धाचे आठ नेम. गंध, अत्तर, सुवासाचं काही अंगाले लावत नाही त्या दिवशी."

सारिकाने मान डोलावली. डोणगावच्या घरी तिची आई पुनवेला वासाचं तेलसुद्धा बाजूला ठेवायची. गुलाबपाण्याची वाट तिथेच बुजली.

बाहेर डॉक्टर भेटले. म्हणाले, "आणला तेव्हा आम्ही घाबरलो होतो. दोन्ही बाहुल्या मोठ्या ताणलेल्या, टॉर्च मारला तरी हलत नव्हत्या. मेंदूत रक्त साकळलं असेल म्हणून तातडीने स्कॅन केला. स्कॅन स्वच्छ. आज बाहुल्या जागच्या जागी. नवलच आहे."

*

मलकापुरात भगवंतरावांच्या कचेरीत भिंतीभर पडदा होता. पडद्यावर सहा चौकटी, सहा चालकांच्या डोळ्यांच्या सहा जोड्या. नुसते डोळे, तोंडं नाहीत. खोलीत कोण येतं ते सगळे बघत असल्यासारखं वाटत होतं. सारिका मुद्दाम पाठ करून बसली.

"बसा मॅडम," भगवंतराव म्हणाले. "वाईट झालं. पण मशीननं आपलं काम केलं हो. काल मी चार गाडीमालकाईले बोलावलं होतं, हेच दाखवाले. त्यायच्या डोळ्यांदेखत मशीन बोंबललं. आता चौघंही बसवून घेतो म्हणतात."

"पडद्यावर तेव्हा सहाही गाड्या होत्या?"

"नाही, एकच मोठी केली होती शेखरनं. दयारामची."

"दयारामचीच का?"

भगवंतराव शेखरकडे बघायला लागले. शेखर हसला. "जुना चालक आहे. वय झालेलं. उदाहरणाला बरा."

"याआधी दयारामच्या गाडीत मशीन कितीदा ओरडलं?"

"एकदाही नाही," भगवंतरावच म्हणाले. "तीस वर्षांत त्याची गाडी कुठं खरचटली नाही."

उदाहरण म्हणून भलताच माणूस निवडला होता.

अंगणात दुसरा चालक प्रसेनजित जीप पुसत होता. डोळे रडून सुजलेले.

"दयारामकाकानं शिकवलं मले गाडी चालवाले," तो म्हणाला. "काल मोताळ्याले भेटलो त्यायले. चांगले टक्क जागे होते. डोळे लाल होते थोडे, पहाटे वंदनेले उठले होते ना. मी म्हटलं, काका, मी बसू का गाडीवर? तर हसले."

"तुम्ही मोताळ्यात काय करत होता?"

"शेखरभाऊनं सकाळीच मोटरसायकल देऊन धाडलं होतं. म्हणे, तिथं थांब, दयारामच्या जागी बदली चालक लागन."

"सकाळीच?"

"हाव. गाडी मलकापुरातून निघाली नव्हती तेव्हा."

"आणि या मशीनवर तुमचा विश्वास आहे?"

प्रसेनजितने आवाज खाली आणला. "कायचं मशीन मॅडम! मागं शेखरभाऊनं आमच्यासाठी डोळे तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. तपासून आलो आन उभ्या गाडीत बसलो, तर हे सुरू झालं, झोप येत आहे, झोप येत आहे. मी शेंगदाणे खाऊन राह्यलो होतो! शेखरभाऊ तर पाहतच राह्यले. मग दुसऱ्यालेही बसवून पाह्यलं त्यायनं. त्यालेही तसंच."

सारिका निघाली. जीपच्या काचेत मागची खिडकी दिसत होती. शेखर खिडकीत उभा राहून तिच्याकडे बघत होता.

*

संध्याकाळ व्हायच्या आत तो ठाण्यात हजर झाला. हातात मिठाईचा पुडा.

"प्रवाशांचं सामान न्यायला आलो. वारसांना घरपोच द्यावं म्हटलं. विशेषतः सोजराबाईंचं. गरीब माणसं आहेत, त्यांना हेलपाटे नकोत."

"पंचनामा व्हायचाय," सारिका म्हणाली. "मिठाई परत न्या."

तो गेल्यावर तिने सोजराबाईची कापडी पिशवी रामरावांसमोर टेबलावर उपडी केली. सुकलेली मेथी. पानसुपारीची चंची. भावासाठी घेतलेली राखी, पुड्यातून न काढलेली. आणि एक छोटी बाटली. गुलाबपाण्याची.

रामरावांनी बूच काढून हुंगलं. "वास गुलाबाचाच हाये."

"बूच लावा आणि सील करा. डोळ्याला लावू नका."

ती तशीच दवाखान्यात गेली. दयाराम उठूनच बसला होता. डोळे खोल गेलेले.

"दयारामभाऊ, ही राखी कोणी बांधली?"

"सोजरानं. मानलेली बहीण माही. मोताळ्याले दर साली बांधते. आपल्यात राखीचं नसते मॅडम, पण तिचं मन मोडवत नाही."

"राखी बांधल्यावर तिने काय केलं?"

त्याने राखी दुसऱ्या हाताने झाकली.

"तुमचं गुलाबपाणी तिच्या पिशवीत सापडलं."

दयारामचा चेहरा कोसळला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो लहान मुलासारखा रडायला लागला.

"ती म्हणे, भावाचे डोळे एवढे लाल काऊन? मी म्हटलं आज चालत नाही. ती म्हणे, औषध हाये, अत्तर नाही. डोकं मागं कर. तिनं सोताच्या हातानं टाकलं, चांगलं धार धरून. बाटली मागच्या मागं तिच्याजवळच राह्यली. मॅडम, मी शील मोडलं. म्हणून झालं हे सगळं. हे कोणाले सांगू मी?"

सारिकाला राग आला; त्याच्यावर नाही. एवढा सरळ माणूस, आणि त्याच्या सरळपणावरच कोणीतरी गाडी घातली होती.

कार्डातलं चित्रण तिने दवाखान्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना शेजारी बसवून पाहिलं. मोताळ्याआधीचे डोळे आणि घाटातले डोळे. पाहताना डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले आणि एकदम म्हणाले, "थांबवा तिथे!"

*

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिघे ठाण्यात बसले होते: भगवंतराव, शेखर आणि त्यांना जीपमधून घेऊन आलेला प्रसेनजित. दाराशी रामराव.

"दयारामचा जबाब झाला का?" भगवंतरावांनी विचारलं.

"होईल. तुम्हाला फार वेळ बसवत नाही. घाट उतरून परत जायचंय तुम्हाला." सारिकाने खणातून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. "सोजराबाईंच्या पिशवीत हे निघालं. गुलाबपाणी. प्रसेनजित, डोळे फार सुजलेत तुमचे. टाका दोन थेंब, आणि निघा तिघेही."

प्रसेनजितने बाटली उचलली. बूच काढलं. डोकं मागे केलं.

शेखर बाटलीकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता.

बाटली डोळ्यावर आली.

"टाकू नको बे!" शेखर ओरडला. "गाडी चालवायची आहे तुला!"



"गुलाबपाणी टाकून गाडी चालवता येत नाही?" सारिकाने शांतपणे विचारलं. "दयाराम तर रोज टाकायचा."

प्रसेनजितचा हात बाटलीसकट हवेतच थांबला होता.

"टाका प्रसेनजित. काल संध्याकाळी मीच दुकानातून आणलंय. सोजराबाईंची बाटली सील करून प्रयोगशाळेत गेली. यात गुलाब आणि पाणी, दुसरं काही नाही. म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं."

भगवंतराव गोंधळून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. "मले काही समजून नाही राह्यलं."

"सांगते. दयाराम झोपला नव्हता. झोपलेला माणूस ब्रेक दाबत नाही, गाडी दरीकडून ओढून डोंगरावर घालत नाही. त्याने सगळ्यांना वाचवलं. मग डोळे का मिटत होते? कारण त्याला उजेड सोसत नव्हता. दवाखान्यात त्याच्या बाहुल्या ताणलेल्या होत्या. डॉक्टरांना वाटलं, डोक्याला मार. पण तुमच्या मशीनचं चित्रण मी डॉक्टरांबरोबर पाहिलं. मोताळ्याआधी बाहुल्या बारीक आहेत. घाटात, अपघाताच्या आधीच, त्या मोठ्या झाल्यात. दिवसाउजेडी! अशी बाहुली झाली की ढगाळ आभाळसुद्धा डोळ्यात सुईसारखं टोचतं. माणूस डोळे बारीक करतो. मशीन पापण्या मोजतं. पापणी अर्धी मिटली, म्हणजे झोप. त्यापलीकडे त्याला अक्कल नाही."

"पण बाहुल्या मोठ्या कायनं झाल्या?"

"डोळे तपासताना डॉक्टर एक थेंब टाकतात, त्याने. काही तासांनी त्याचा असर उतरतो, म्हणून दुसऱ्या दिवशी दयारामचे डोळे ठीक होते. प्रसेनजित, शिबिरात तुमच्या डोळ्यात काय टाकलं होतं?"

"थेंब," प्रसेनजित पुटपुटला. "दिवसभर धुरकट दिसत होतं. गाडी चालवू नका म्हणाले होते."

"तुम्ही शेंगदाणे खात बसला होता आणि मशीन झोप येत आहे म्हणत होतं. तेव्हा एका माणसाच्या लक्षात आलं की मशीनला फसवता येतं. त्यानेच शिबिर भरवलं होतं. उरलेलं औषध त्याच्याच हाती लागलं."

भगवंतराव शेखरकडे वळले. "काऊन बे? दयारामनं काय केलं होतं तुह्यं?"

"काहीच नाही," सारिका म्हणाली. "तेच तर दुखणं होतं. चार मालक यायचे होते, आणि दिवसाउजेडी तुमचा एकही चालक पेंगत नाही. मशीन गप्प बसलं तर विकायचं कसं? म्हणून यांनी आदल्या दिवशी दयारामच्या बाटलीत औषध ओतलं. तो मलकापुरातच थेंब टाकणार, सपाट रस्त्यावर मशीन ओरडणार, फोन करून गाडी थांबवायची, मोताळ्यात बदली चालक तयारच. सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मशीनने झोप ओळखायच्या आधी यांनी ओळखली होती, भगवंतराव. म्हणून तर प्रसेनजितला सकाळीच धाडलं आणि पडद्यावर दयारामचेच डोळे लावले."

ती शेखरकडे वळली.

"पण त्या दिवशी पुनव होती. रोज बाटली बघत होतात तुम्ही, शेजारच्या मूर्तीचा अर्थ कधी विचारला नाहीत. पुनवेला तो माणूस सुवासाच्या वस्तूला शिवत नाही. मलकापुरात त्याने बाटली उघडली नाही. मशीन गप्प. तुमची फजिती झाली. मग मोताळ्यात बहिणीने भावाचे लाल डोळे पाहिले."

"मी फोन केले!" शेखर फुटला. "देवाशपथ सांगतो मॅडम, मशीन ओरडायला लागलं तसे किती फोन केले मी! मला कोणाला मारायचं नव्हतं."

"घाटात चालकाने फोन उचलायचा नाही, हा नियम कोणी केला?"

शेखरने बाहीने कपाळ पुसलं.

"मोताळ्यात प्रसेनजितकडे मोटरसायकल होती. त्याला एक फोन केला असता, 'बाटलीत औषध आहे, गाडी अडव,' तर त्याने घाटाच्या पहिल्या वळणांतच गाठलं असतं. सोजराबाई आज राखी बांधून आपल्या घरी असती. पण त्यासाठी स्वतःचं नाव घ्यावं लागलं असतं. तुम्ही फोन केला तो फक्त अशा माणसाला, जो उचलणार नव्हता. आणि नंतर मूर्तीला नमस्कार करून बाटली चाचपलीत. मिळाली नाही म्हणून मेलेल्या बाईची पिशवी मागायला मिठाई घेऊन आलात."

प्रसेनजित उठला. त्याच्या मुठी वळल्या होत्या. रामरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं आणि दुसऱ्या हाताने शेखरचं मनगट धरलं.

"चला. सदोष मनुष्यवध," सारिका म्हणाली.

भगवंतराव शेखरला नेताना बघत राहिले. मग म्हणाले, "मी सोता जाऊन त्याले ते चित्र दाखवलं, मॅडम. म्हटलं, पाह्य, झोपला होता तू."

"हो," सारिका म्हणाली. "आता सोता जाऊन माफी मागा."

*

पण आधी ती स्वतः गेली. दयारामने सगळं ऐकून घेतलं. जनकाबाई पदर तोंडात धरून रडत होती.

"म्हंजे मी झोपलो नव्हतो," शेवटी तो म्हणाला.

"नव्हता. क्षणभरही नाही."

"आन सोजराले माहीत नव्हतं तिनं काय टाकलं ते."

"तिने भावाच्या डोळ्यात गुलाबपाणी टाकलं. तेवढंच तिला माहीत होतं."

तो राखीवरून बोट फिरवत राहिला. "तिच्या पिशवीत अजून एक राखी असन. सख्ख्या भावाची. ती पोचवा त्याले, मॅडम."

"पोचवते."

"आन माहं शील?"

"औषध घेतल्याने शील मोडत नाही," सारिका म्हणाली. "माझ्याशी खोटं बोललात, तेवढं मात्र मोडलं. पुढच्या पुनवेला बघा त्याचं."

तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या ओठाचा कोपरा हलला. तो उशीला टेकला. पापण्या जड झाल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. जनकाबाई घाबरून पुढे झाली, पण तो दचकून उठला नाही. श्वास संथ झाला. मनगटावरची राखी छातीवर वरखाली होत राहिली.

दारातून नर्स गोळ्या घेऊन आली. म्हणाली, "त्यांना उठवा जरा."

"नाही," सारिका म्हणाली, आणि खुर्ची ओढून दारात बसली. "कोणी उठवायचं नाही."